कॉलेज सुटतंय कधी?

"मॅडम, तुमचं कालेज सुटतंय कवा ओ? पोरगी घरी येऊन जेवली, आडवी झाली, तरी तुमचं कालेज चालूच असतंय बगा."

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करायला आलेल्या एका आईने स्टाफरूमच्या दारात मला हे विचारलं. बाई विड्या वळतात, घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच माहिती हवी होती. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. त्याचं उत्तर आज लिहिते आहे, थोडं लांबेल.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. आजची मुलं सारखी मोबाइलमध्ये असतात, हे वाक्य स्टाफरूममध्ये दिवसातून चारदा ऐकू येतं आणि कित्येक वर्षं मीही ते म्हटलं आहे. आता म्हणवत नाही. त्यांच्या हातात रात्रीचा मोबाइल ठेवण्यात आम्हा कॉलेजवाल्यांचा वाटा फार मोठा आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि आम्ही घाईघाईने प्रत्येक वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केले. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पुढे कॉलेजं उघडली, फळे पुसले, बाकं लागली, पण ग्रुप तसेच राहिले. आज वेळापत्रक ग्रुपवर, नोट्सची पीडीएफ ग्रुपवर, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख ग्रुपवर, एनएसएसचं शिबिर ग्रुपवर. अभ्यासक्रमाची क्रेडिट्स जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा आयडी काढा, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज भरा, सगळ्याला मोबाइल आणि ओटीपी. आणि यातलं बरंचसं येतं रात्री नऊनंतर. कारण प्राध्यापकही दिवसभराची कामं उरकून, जेवून, मग निवांत ग्रुप उघडतात. आपला निवांतपणा म्हणजे समोरच्या सव्वाशे मुलांची कामाची वेळ, हे आमच्या ध्यानातच येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. एका रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मी ग्रुपवर टाकलं, "उद्याची टेस्ट ११ ऐवजी सकाळी ८ वाजता." खाली पटापट अंगठे आले, मी झोपले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्याच बाईंची मुलगी धापा टाकत आली. टेस्ट संपून दीड तास झाला होता. त्यांच्या घरात मोबाइल एकच, तो भावाकडे असतो आणि भाऊ रात्रपाळीला. तो सकाळी घरी आला तेव्हा ही बसस्टॉपवर होती. मी तिची टेस्ट नंतर वेगळी घेतली, त्यामुळे गुण वाचले. पण स्टाफरूमच्या दारात उभी राहून ती मलाच पुन्हा पुन्हा "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत होती. चूक माझी आणि माफी तिची, हे मला अजून सोसत नाही.

एका घरात एक मोबाइल, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. पूर्वभागात, विडी घरकुलात, कुंभारीत कितीतरी घरांत आई, दोन मुली, मुलगा यांच्यात मिळून एक स्मार्टफोन असतो. त्यावर पहिला हक्क कमावत्या मुलाचा, मग शाळेतल्या धाकट्याचा, आणि शेवटी, रात्रीचा स्वयंपाक-भांडी झाल्यावर, कॉलेजातल्या मुलीचा. तोवर दिवसाचा दीड जीबी संपलेला असतो. रिचार्जचं तरी काय, जुलै २०२४ मध्ये रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ ला गेला, तोही २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. हिशेब करा, ३,८८७ रुपये. फीच्या पावतीवर हा आकडा कुठेच नसतो, पण कॉलेज करायचं तर तो भरावाच लागतो.

आता ग्रुपची दुसरी बाजू, जी मुली आम्हाला सहसा सांगत नाहीत. वर्गाच्या ग्रुपमध्ये घातलं की मुलीचा नंबर सव्वाशे जणांकडे जातो. तिला कुणी विचारत नाही. मग रात्री "हाय", "ओळखलंस का", "डीपी भारी आहे" सुरू होतं. गड्ड्याच्या यात्रेत मैत्रिणींबरोबर काढलेला डीपीवरचा फोटो कुणीतरी स्क्रीनशॉट मारून भलत्याच ग्रुपवर टाकतं. मुलीने घरी सांगितलं तर मोबाइल बंद, आणि पुष्कळदा कॉलेजही. नाही सांगितलं तर एकटीने सोसायचं. माझ्या वर्गातल्या दोघींनी तिसराच रस्ता काढला, गुपचूप ग्रुप सोडला. त्या नोट्सना मुकल्या, सूचनांना मुकल्या. आम्ही हजेरीपटात त्यांच्या नावापुढे लिहिलं, "अनियमित".

म्हणून नव्या माध्यमांवरच राग काढा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. घरी तेलुगू, शाळा मराठी, आमची संदर्भपुस्तकं इंग्रजी. मार्जिनल कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनाबरोबर बदलणारा खर्च आणि न बदलणारा खर्च वेगळा काढायचा हिशेब, मी दोनदा शिकवलं, त्याला कळलं नाही. शेवटी पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर बसून त्याने यूट्यूबवर हिंदीत तोच धडा तीनदा पाहिला. आठवड्याने वर्गात उभा राहिला आणि त्याने एका चादरीचा खर्च फळ्यावर मांडून दाखवला. सूत किती, रंगाई किती, वीज किती, मजुरी किती, आणि माग बंद असला तरी चुकत नाही तो खर्च कोणता. इतकं चांगलं उदाहरण मला कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही. चौथी भाषा का असेना, त्याला समजेल अशा भाषेत, त्याच्या सवडीने, पाहिजे तितक्या वेळा मागे नेऊन बघता येणारा मास्तर त्याला मोबाइलने दिला. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे.

फरक इतकाच की तो व्हिडिओ त्याने त्याच्या वेळेला उघडला आणि त्याच्या वेळेला बंद केला. कॉलेजची सूचना बंद करता येत नाही.

माझे काही तरुण सहकारी म्हणतात, मुलं तशीही रात्री एकपर्यंत रील बघत जागीच असतात, मग आपण मेसेज टाकला तर कुठे बिघडलं? जागी असतात, खरं आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, महिनाभरात इन्स्टाग्रामने रील आणले आणि मुलं इकडून तिकडे गेली. पण मी वर्गात विचारलं की झोपताना मोबाइल उशाशी का लागतो, तर रील हे उत्तर दुसरं आलं. पहिलं उत्तर होतं, "ग्रुपवर काही आलं तर कळायला पाहिजे ना मॅडम." सूचना बघायला उघडलेला मोबाइल मग तासभर खाली ठेवला जात नाही. दार आम्ही उघडून देतो आणि मूल आत गेलं म्हणून त्यालाच बोलतो.

आणखी एक नुकसान आहे, त्याची मला जास्त भीती वाटते. पूर्वी सूचना खरी की खोटी हे तिच्या जागेवरून कळायचं. बोर्डावर, सही-शिक्क्यासह असेल तर खरी. आता खरी सूचना आणि अफवा एकाच चौकटीत, एकाच अक्षरात, एकापाठोपाठ येतात. मागे पावसाळ्यात परीक्षेच्या आदल्या रात्री "उद्याचा पेपर पुढे ढकलला" असं एक पत्रक फिरलं. वर बोधचिन्ह, खाली सही. धडधडीत खोटं. मोहोळ, मंद्रूपकडून येणारी काही मुलं घरीच राहिली. मुलं मूर्ख नाहीत. रात्री आलेल्या मेसेजवर विसंबून सकाळी धावायची सवय आम्हीच त्यांना लावली होती.

अफवा कुठवर नेते हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेतून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हे सांगते. अर्ध्याहून जास्त मुलांना ते माहीतच नसतं. मंगळवेढ्याकडच्या मुलांनाही नसतं.

जूनमध्ये मी ठरवलं की माझ्यापुरतं तरी बदलायचं. जिन्याखालचा आमचा सूचनाफलक बघायला गेले तर काचेआड शेवटचा कागद मार्च २०२० चा होता आणि कुलपाची किल्ली शिपायालाही सापडेना. शेवटी कुलूप तोडलं. आता माझ्या विषयाची प्रत्येक सूचना दुपारी दोनच्या आत तिथे लागते, तारीख आणि सहीसकट. दुसऱ्या दिवशी लगेच काही घडेल अशी सूचना मी देत नाही, मध्ये निदान दोन दिवस ठेवते. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर माझ्याकडून एक अक्षर जात नाही. मुलं बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, तर टाकू देत. नोट्सची एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवली आहे. ज्यांना मोबाइलवरच हवं त्यांच्यासाठी ग्रुपऐवजी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल केलं, त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ग्रुप सोडलेल्या दोघींपैकी एक चॅनेलवर आली. दुसरी बोर्डापुढे उभी राहून वहीत उतरवून घेते.

पहिले पंधरा दिवस मुलं विसरायची, "मॅडम, ग्रुपवर नाही टाकलं" म्हणून यायची. आता जिन्याखाली थांबायची सवय लागते आहे. पण बाकीच्या पाच विषयांचे मेसेज अजून रात्रीच येतात. म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचं माझं उत्तर सहाव्या हिश्श्याइतकंच झालं.

सोलापुरातल्या आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक काम करा. उद्या वर्गात हात वर करायला न लावता, चिठ्ठीवर लिहून घ्या. घरात मोबाइल किती आणि तुझ्या हातात तो किती वाजता येतो. मुलींचा नंबर ग्रुपमध्ये घालण्याआधी त्यांना विचारलं होतं का, तेही विचारा. ज्यांच्याबद्दल मी हे लिहिलं त्यांतल्या पुष्कळ मुली फेसबुकवर नाहीत, त्या इथे येऊन सांगणार नाहीत. चिठ्ठ्यांत काय निघालं ते नावं न घालता खाली लिहा. मी सगळं वाचेन, फक्त सातनंतर उत्तर देणार नाही.