मेघगर्जनेची पेटी

ऐन रंगात आलेल्या बेतात कुठे माशी शिंकेल ते सांगता येत नाही असे म्हणतात. आमच्या स्वीडनच्या सहलीत मात्र माशीला तेवढीही तसदी न देता मी स्वतःच शिंकलो, आणि तेही श्वाससुद्धा बेतानेच घ्यावा असे वाटणाऱ्या नाट्यगृहात.

स्टॉकहोमहून निघालेली बोट मेलारेन सरोवरातून तासाभरात ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यापाशी पोहोचते. तो सगळा तास मी सौभाग्यवतींचा सल्ला धुडकावून, कानटोपी खिशात ठेवून, डेकवर छायाचित्रे काढण्यात घालवला. त्यामुळे राणी लोविसा उलरिका हिच्यासाठी १७६६ साली उभ्या राहिलेल्या त्या नाट्यगृहात मी पाऊल ठेवले ते नाकात एक शिंक घेऊनच.

मार्गदर्शक बाईंनी सुरुवातीलाच बजावले, की कशालाही हात लावायचा नाही आणि कुठेही टेकायचे नाही. मी नुकताच ज्या संगमरवरी खांबाला टेकण्याच्या विचारात होतो, तो संगमरवरी नसून रंगवलेला आहे आणि सज्जावरची नक्षी कागदाच्या लगद्याची आहे, हे लगेच कळले. त्या काळी खर्चाला हात आखडता घ्यावा लागल्याने वास्तुकार आडेलक्रांट्झ यांनी ही युक्ती केली म्हणे. अडीचशे वर्षांत तो रंग विटला आहे, सोनेरी वेलबुट्टी मंदावली आहे; तरीही संगमरवर असल्याचा आव त्या खांबांनी सोडलेला नाही. मीही प्रकृती ठणठणीत असल्याचा आव आणून वरचा ओठ बोटाने दाबून धरला. बाईंना ती माझी चिंतनमुद्रा वाटली असावी, कारण त्या यापुढे सारे माझ्याकडेच पाहून सांगू लागल्या.

कथा राजा तिसरा गुस्ताव याच्यापर्यंत आली. मार्च १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात, मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात, त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि तेरा दिवसांनी तो वारला. अशा प्रसंगी शिंकणे कोणत्याच देशात शोभले नसते. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत शिंक आवरली, आणि शेजारच्या आजींनी सहानुभूतीने माझ्या दंडावर थोपटले. राजाच्या मागे हे नाट्यगृह जवळजवळ विस्मरणात गेले. १९२१ साली आग्ने बेयर नावाचे अभ्यासक एक चित्र शोधत इथे आले, तेव्हा पडदे, विंगा आणि लाकडी यंत्रे त्यांना जागच्या जागी सापडली.

मग त्या यंत्रांची पाळी आली. मळसूत्री आकाराचे रंगवलेले रूळ फिरवले की समुद्राच्या लाटा, तळघरातला रहाट माणसांनी ओढला की काही क्षणांत राजवाड्याचे अरण्य! बाई आवाज खाली आणत म्हणाल्या, "आणि वर टांगलेली आहे मेघगर्जनेची पेटी. तिच्यात दगड भरलेले आहेत. पेटी कलली, की..."

इथे माझे बोट सटकले.

लाकडी नाट्यगृहांचा नाद उत्तम असतो, असे मी कुठेतरी वाचले होते. त्याची आता खात्री पटली. शिंक रंगमंचाच्या पार मागच्या पडद्यापर्यंत जाऊन परत आली. मंडळींनी एकदम माना वर केल्या. आजींनी टाळी वाजवली, मग त्यांचे पाहून इतरांनीही, आणि एका गृहस्थांनी अदबीने विचारले, "इतकी जुनी पेटी अजूनही चालते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या उत्तर शोधत असतानाच सौभाग्यवती मराठीत पुटपुटल्या, "न चालायला काय झालंय? आमच्या घरी रोज पहाटे पाचला चालते."