अर्धीच गोष्ट सांगितलीत

‘आईची प्रतिकारशक्ती गर्भाला परकं समजून हल्ला करते, ती दाबली की झालं’ हे वारंवार होणाऱ्या गर्भपातांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. गर्भाशयातल्या एनके पेशी (त्याही प्रतिकारशक्तीच्याच) उलट वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावायला मदत करतात! आणि रक्तात गुठळ्या करून गर्भपात घडवू शकणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजच्या तपासणीचा साधा उल्लेखही नाही?

माझा ३ वेळा गर्भपात झाला. सासूबाईंच्या मते कारण काय, तर पपई आणि तिन्हीसांजेला रंकाळ्यावर फिरणं. शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी हीच तपासणी केली, १२ आठवड्यांनी पुन्हा. दोन्हीदा पॉझिटिव्ह. मग कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि रोज पोटात हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. पोट नुसतं काळंनिळं. सुई नवरा टोचायचा, हात त्याचेच थरथरायचे. लेक आता बालवाडीत जाते.