"लाखो रुपये पाण्यात गेले" या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. खरं सांगतो, आधी राग आला, मग सकाळी चहा घेताना परत वाचला तेव्हा लक्षात आलं की यातलं निम्मं बरोबर आहे. म्हणून ते ठरलेलं "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" वगैरे न टाकता नीट लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी मूळ रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी: काका-काकू सप्टेंबरमध्ये आमच्या टूर कंपनीच्या २६ जणांच्या ग्रुपबरोबर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत अशा ७ रात्रींच्या डॅन्यूब नदीवरच्या क्रूझला आले होते. तक्रारी अशा की क्रूझच्या नावाखाली दोन दिवस बसने फिरवलं, खिडकीतून नदीऐवजी दुसऱ्या बोटीतली माणसं दिसली, रात्री ठोकल्याचे आवाज, पास्ता खाऊन जीव विटला, बोटीवर ना स्विमिंग पूल ना कॅसिनो ना शो, आणि एकूण काय तर "लाखो रुपये पाण्यात गेले". (हे वाक्य भारी आहे काका, मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं.)

आधी बसचं, कारण सगळ्यात जास्त राग तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की पाणी कमी असल्याची थाप मारली, वाटेतल्या पासाऊ गावाला तर नदी दुथडी भरून वाहत होती. पासाऊला ती भरलेलीच दिसणार हो. तिथे डॅन्यूबला इन आणि इल्झ अशा दोन नद्या येऊन मिळतात, त्यातली इन थेट आल्प्समधून येते आणि तिचं पाणी वर्षाच्या सरासरीत डॅन्यूबपेक्षा जास्तच भरतं, शिवाय खाली योखेनस्टाइनला बंधारा आहे त्याची फुग वरपर्यंत येते. घोळ होता तो त्याच्या वरच्या अंगाला. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा साधारण ७० किलोमीटरचा पट्टा असा आहे की तिथे नदी अडवलेलीच नाही, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून बंधारा होऊ दिला नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्या बव्हेरिया राज्याच्या सरकारनेही बंधारा नको असं ठरवलं. नदीसाठी ते चांगलंच झालं, पण पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्यासारख्यांची बोट तिथे अडकते. बोटीचं पोट पाण्याखाली दीड मीटरच्या आसपास असतं, त्याखाली थोडी तरी जागा नको का. कॅप्टनने मनात आणलं असतं तरी बोट न्यूरेंबर्गला पोचली नसती, म्हणून बोट पासाऊला थांबली आणि आपण बसने तिच्याकडे गेलो, दुसऱ्या दिवशी रेगेन्सबुर्ग बघायलाही बसच.

पाणी जास्त झालं तर उलटी गंमत, बोट पुलाखालून जात नाही. पासाऊच्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत त्याचा फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकला होता, "पानशेत आठवलं" असं लिहून. २०१३ च्या जूनमध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरला गेलं होतं, १५०१ नंतर एवढं पहिल्यांदाच. म्हणजे समुद्रातल्या क्रूझसारखं इथे छापील कार्यक्रम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं नसतं, आणि मे महिना घ्या नाहीतर ऑक्टोबर, कोणीही गॅरंटी देत असेल तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजा.

पण, आणि इथे माझी चूक आहे. पाणी उतरल्याचा मेल मला निघायच्या आदल्या दिवशी आला होता. मला वाटलं वर कुठेतरी पाऊस पडेल, लेव्हल चढेल, उगाच २६ जणांना घरातून निघताना कशाला टेन्शन द्यायचं. त्यामुळे तुम्हाला हे म्युनिकच्या एअरपोर्टवर, रात्रभराच्या प्रवासानंतर, बॅगा हातात असताना कळलं. तुमच्या जागी मी असतो तर मीही थाप आहे असंच म्हटलं असतं. सॉरी काका. आता ठरवलंय, असा मेल आला की त्याच दिवशी सगळ्यांना फोन. बोट कंपनीने या दोन दिवसांबद्दल पुढच्या ट्रिपचं व्हाउचर दिलंय पण तुम्हाला परत जायचं नसेल तर व्हाउचर काय चाटायचंय, म्हणून तेवढी रक्कम आम्ही रोख देतोय, तुमच्या एकट्यालाच नाही, सगळ्यांना.

(बसमुळे जे खरंच हुकलं त्याचं दुःख मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. न्यूरेंबर्गच्या पुढे माइन-डॅन्यूब कालवा आहे, १९९२ मध्ये सुरू झालेला, त्यात काही लॉक (म्हणजे बोट आत घेऊन, दारं लावून, पाणी भरून वर उचलणारे हौद) जवळपास २५ मीटर उंचीची आहेत. अख्खी बोट आठ मजली बिल्डिंगच्या लिफ्टमधून चढवल्यासारखी वर जाते आणि समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवरून डोंगर ओलांडते. मी चार वेळा बघितलंय आणि चारही वेळा रात्री डेकवर उभा राहून बघितलंय.)

लॉकवरून आठवलं, रात्रीचे ठोकल्याचे आवाज. कालव्यातली लॉक १२ मीटर रुंद आणि बोट साडेअकराच्या जरा आत, दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहावी अशा मापानेच या बोटी बांधतात. पुढे ऑस्ट्रियातली लॉक चांगली ऐसपैस आहेत, पण तिथेही बोट भिंतीला लागून उभी करतात, दोर बांधतात, घासते, कधी टेकते. आणि प्रवास बराचसा रात्री होतो म्हणजे दिवस गावात फिरायला मोकळा. तुमची केबिन सगळ्यात खालच्या डेकला, मागच्या बाजूला, म्हणजे त्यात इंजिनचा आवाजही आलाच.

आता त्या केबिनबद्दल. खालच्या डेकची खिडकी छताजवळ असते, छोटी, उघडत नाही, कारण बाहेर जेमतेम फूट-दोन फुटांवर पाणी असतं. वरच्या दोन डेकना सरकती काच आणि कठडा असतो, त्याला फ्रेंच बाल्कनी म्हणतात पण खुर्ची टाकून बसायला जागा नसते, नुसतं दार उघडून उभं राहायचं, तेव्हा तीही नावालाच बाल्कनी. खालची केबिन तुम्ही स्वस्त पडते म्हणून घेतली हे बरोबर, पण नेमकं काय घेताय हे आम्ही बसून समजावलं नाही, रात्री ११ वाजता व्हॉट्सॲपवर डेकच्या नकाशाची पीडीएफ टाकली आणि सुटलो. ती पीडीएफ मलाही चष्मा लावून वाचता येत नाही.

खिडकीसमोरची दुसरी बोट मात्र वरची केबिन घेतली असती तरी दिसलीच असती. व्हिएन्नाला धक्क्यावर जागा कमी आणि बोटी १३५-१३५ मीटर लांबीच्या, मग एकीला लागून दुसरी, कधी तिसरी अशा बांधतात आणि आपण शेजारच्या बोटीच्या रिसेप्शनमधून चालत किनाऱ्यावर जातो. गेटवेला नाही का, एलिफंटाच्या लाँच एकमेकींना लावलेल्या असतात आणि एकीतून दुसरीत पाय टाकत जातो, तेच, फक्त इथे गालिचा असतो. पडदा लावणं एवढाच उपाय आहे. तुम्ही लिहिलंय की समोरच्या बाईने हात केला, काका, तुम्ही पण करायचा.

जेवण. ब्रोशरमध्ये "शाकाहारी पर्याय उपलब्ध" एवढंच आहे, पण आमच्या ऑफिसातून फोनवर "हो हो, इंडियन मिळतं" असं सांगितलं गेलं हे मी चौकशी करून मान्य करतोय. नाही मिळत. शाकाहारी म्हणजे तिथे पास्ता, रिसोटो, भाजलेल्या भाज्या, सूप, चीज आणि ब्रेड, आणि जैन असेल तर त्यातलंही निम्मं गळतं. चौथ्या दिवशी शेफने आपल्यासाठी डाळ केली ती मला मान्य आहे की सूपच होती, पण बिचाऱ्याने यूट्यूब बघून केली होती. १६० जणांच्या बोटीत आपण २६, किचन एवढंसं, सगळ्यांचं जेवण एकाच वेळी, त्यामुळे आपला महाराज तिथे घुसवता येत नाही, अख्खी बोट घेतली तरच ते जमतं. घरून खाकरे, चिवडा, लोणचं न्या असं आता लेखी देतोय. केबिनमध्ये किटली लावून उपमा करायला मात्र परवानगी नसते, आगीची भीती असते, आणि त्या रात्रीच्या अलार्मचा विषय मी इथे काढत नाही.

स्विमिंग पूल, कॅसिनो, शो यावर मात्र मी माघार घेणार नाही. रिव्हर क्रूझवर हे सहसा नसतंच, फार तर एखाद्या बोटीवर छोटासा पूल. उंच बोट पुलाखालून जात नाही, रुंद बोट लॉकमध्ये मावत नाही, मग हे सगळं ठेवायचं कुठे? रात्री एक माणूस पियानो वाजवतो, साडेदहाला बहुतेक सगळे झोपतात. ज्यांना धमाल पाहिजे त्यांनी बार्सिलोनाहून सुटणारी मोठी जहाजं बघावीत, मी स्वतः बुक करून देईन.

आणि "व्हिएन्ना चार तासांत गुंडाळलं" हे चूक आहे. बोट तिथे दोन दिवस उभी होती, गाइडबरोबर चार तास, पुढचा वेळ तुमचा होता. तुम्ही दोघं दुपारी बोटीवर परत आलात कारण काकूंचा गुडघा दुखत होता, आणि तो दुखला कारण मेल्कच्या मठात आणि ड्यूर्नश्टाइनच्या दगडी गल्ल्यांत आपण भरपूर चाललो. आम्ही "हलकं चालणं" लिहिलं होतं. ते हलकं नाही, तिथे फरशा गोल दगडांच्या आहेत आणि चढ आहे. शब्द बदलला. बोटीवर हळू चालणाऱ्यांचा वेगळा ग्रुप असतो, त्यात काकूंचं नाव पहिल्याच दिवशी घालायला हवं होतं, आमच्या टूर मॅनेजरला सुचलं नाही.

टिपचे माणशी दिवसाला १२ युरो खर्चाच्या कागदावर पहिल्या पानावर होते, त्यावर तुमची सही आहे, ते परत मिळणार नाहीत.

तर केबिन नीट समजावली नाही म्हणून वरच्या-खालच्या केबिनच्या फरकातला अर्धा भाग आणि बसच्या दोन दिवसांचे पैसे, दोन्हीचा हिशोब काढून ठेवलाय. शनिवारी चारनंतर मी ऑफिसातच असतो, काकूंना जिना नको, मी खाली येतो. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, राहू दे, पुढच्या माणसाला उपयोगी आहे. आणि बोटीच्या रिसेप्शनने ठेवून घेतलेली किटली कुरिअरने इथे आलीये, तीही घेऊन जा.