आमच्या 'कष्टभत्त्या'वरचा तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात आत्तेभावाने घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली विचारलं, "ताई, हे तुमचंच ना?" दोन दिवसांत तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. थोडक्यात तो असा: जिनिव्हात बसलेले गोरे साहेब गरीब देशांतल्या शहरांना ए ते ई असे 'कष्टाचे' शेरे मारतात. शहर जितकं वाईट तितका यूएनवाल्यांचा पगार वाढतो, थेट दुप्पट होतो. हे साहेब एसी गाडीत फिरतात, त्यांना कसले कष्ट? फॉर्म भरणारे तेच आणि पैसे घेणारेही तेच, म्हणून एकदा लागलेला शेरा कधी पुसला जात नाही. आणि त्या शहरात जन्मापासून राहणाऱ्या माणसाला यातली दमडी मिळत नाही.

मी यूएनच्या नोकरीत असताना दोन वर्षं काँगोतल्या गोम्यात होते, हिशेबाच्या बाजूला. शेरा ठरवण्यासाठी भरायचा हा फॉर्म मी स्वतः भरलाय आणि त्यावरचा कष्टभत्ता, म्हणजे अवघड जागेसाठीचे जादा पैसे, तेही घेतलेत. तेव्हा माझं उत्तर तटस्थ माणसाचं नाही, हे आधीच सांगते. पाचांतली तीन विधानं चूक आहेत, चौथं अर्धंच खरं. पाचव्याबद्दल शेवटी लिहिते.

'जिनिव्हातले गोरे साहेब.' हे अक्षर ठरवतो आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग. यूएनच्या आमसभेने तो १९७४ साली स्थापन केला, सदस्य पंधरा, आणि कचेरी जिनिव्हात नाही, न्यूयॉर्कला आहे. तिथले अध्यक्ष बघा: आधी बरीच वर्षं ट्युनिशियाचे मोहसेन बेल हाज अमोर, त्यांच्यानंतर सिएरा लिओनचे किंग्स्टन ऱ्होड्स, मग २०१९पासून अल्जीरियाचे लार्बी जाक्ता. ओळीने तिघे आफ्रिकेतले. आता तिघांनी मिळून आफ्रिकेची बदनामी चालवली होती असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

खोट काढायचीच होती तर एक तयार होती, ती फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दिसलीच नाही. ए ते ईच्या आधी एक अक्षर आहे, 'एच'. मुख्यालयाची शहरं, जिथे यूएनचं विकासाचं किंवा मदतीचं काम चालत नाही अशा जागा, आणि युरोपीय संघातला कुठलाही देश, सगळे 'एच'मध्ये. म्हणजे तिथल्या कष्टांचं मोजमापच होत नाही. संघात दाखल झालात की परीक्षा माफ! उलट नैरोबीत यूएनच्या दोन मोठ्या संस्थांची मुख्यालयं आहेत, तरी नैरोबी 'एच'मध्ये नाही, तिची परीक्षा होते. हा पंक्तिप्रपंच आहे, आणि त्यावर बोलायला हवं. पण त्यासाठी नियम वाचावा लागतो.

'पगार दुप्पट.' दोन वेगळे तक्ते एकात कालवले की असं होतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या लोकांना अवघड जागेसाठी मूळ पगाराच्या ५ ते ३५ टक्के देतं. यूएनमध्ये टक्के नाहीत, ठरावीक रकमा आहेत. २०१६मध्ये नवी पद्धत आली तेव्हाचे आकडे मला पाठ आहेत, कारण महिन्याचा ताळा मलाच करावा लागायचा. 'ए'ला शून्य. 'बी'ला माझ्यासारख्या पी-३ या मधल्या दर्जाच्या माणसाला वर्षाला ५,८१० डॉलर, 'ई'ला १७,४४०. अगदी वरच्या संचालकाला 'ई'मध्ये २३,२५०. पी-३चा निव्वळ मूळ पगार तेव्हा साठ हजार डॉलरच्या आसपास होता. भागून बघा, दुप्पट कुठून येतं ते मला सांगा.

महागाईसाठी मिळणारी रक्कम वेगळी, तिचा कष्टांशी संबंध नाही. ती सगळ्यात जास्त मिळते ती जिनिव्हासारख्या शहरांत, जिथे कष्टभत्ता शून्य. २०१७मध्ये आयोगाने जिनिव्हाची ही रक्कम कापायची ठरवली तेव्हा तिथले कर्मचारी रस्त्यावर आले, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१९मध्ये त्यांतल्या काही संस्थांचे कर्मचारी जिंकले. गोम्याच्या नावाने असा मोर्चा निघालेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बाकी एक रक्कम मोठी आहे हे कबूल करते. जिथे बायको-नवरा-मुलं न्यायला बंदी, तिथे कुटुंबवाल्याला वर्षाला १९,८०० डॉलर वेगळे मिळायचे. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि नाशिकला माझ्या सासूबाईंकडे राहायची. त्या रकमेला मजा म्हणायचं असेल तर माझी ना नाही, पण मग सासूबाईंनाही विचारा.

'एसी गाडीत फिरणाऱ्यांना कसले कष्ट?' इथे जरा थांबते, कारण हा प्रश्न माझ्या सख्ख्या भावानेही विचारला होता, आणि तो गोम्याला येऊन गेलेला आहे! तो आला जूनमध्ये, चार दिवस राहिला, आणि म्हणाला, "हे तर महाबळेश्वर आहे गं, वर तळं फुकट." खोटं नाही. गोमा साधारण दीड हजार मीटर उंचीवर, किवू सरोवराच्या काठी. उकाडा नाही, पंखा लागत नाही. शेजारी विरुंगाचं राष्ट्रीय उद्यान, १९२५ सालचं, आफ्रिकेतलं सगळ्यात जुनं, त्यात पहाडी गोरिला. हवामानाच्या रकान्यात आम्हाला लिहायला काही नव्हतं, आणि लिहिलंही नाही.

पण त्याच सरोवराच्या उत्तरेला न्यिरागोंगो हा जिता ज्वालामुखी आहे. जानेवारी २००२मध्ये त्याचा लाव्हा शहरातून वाहत थेट सरोवरात गेला. आम्ही राहायचो त्या गल्लीतला रस्ता म्हणजे तोच थंड झालेला काळा दगड. आवाराच्या भिंती त्याच दगडाच्या, आणि चप्पल दोन महिन्यांत फाटायची. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि खोलगट जागी साचतो. त्याला तिथे 'मझुकू' म्हणतात. वास नाही, रंग नाही. सकाळी खड्ड्यात मेलेली शेळी सापडली की कळतं. मी घर बघायला गेले तेव्हा ड्रायव्हरने भाडं विचारायच्या आधी अंगणाचा उतार बघितला, मग म्हणाला, हे नको. (मी गोमा सोडल्यावर, मे २०२१मध्ये, डोंगर पुन्हा फुटला आणि अर्धं शहर रिकामं करावं लागलं.)

आणि एसी गाडी. ती होती, पांढरी, वर लांब अँटेना. ती होती कारण पायी जायची परवानगी नव्हती. संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर बाहेर पडायचं नाही, रेडिओवर आपला नंबर पुकारला की हजेरी द्यायची. न दिल्यास दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याकडे उभं राहायचं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हॉस्टेलची मुलगी झाल्यासारखं वाटायचं. दाढ दुखायला लागली तेव्हा नशीब असं की तिथे भारतीय लष्कराचं शांतिसेनेचं रुग्णालय होतं, आणि दंतवैद्य लातूरचे निघाले. "ताई, हे आधीच का नाही दाखवलं?" हे वाक्य मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा मराठीत समोरासमोर ऐकलं, तोंडात कापूस असताना. ते रुग्णालय नसतं तर सरहद्द ओलांडून रवांडात, तिथून किगालीपर्यंत घाटाचा रस्ता. आणि कुठल्याही दिवशी सरहद्द बंद.

फॉर्ममध्ये सात गोष्टी तपासतात: सुरक्षा, दवाखाना, शाळा, घर, हवामान, जगापासून तुटलेपण, आणि रोजच्या साध्या सोयी. गाव सुंदर आहे का, लोक चांगले आहेत का, संस्कृती किती जुनी, असले प्रश्न त्यात नाहीत. गोम्यातली माणसं मला न्यूयॉर्कपेक्षा बरी भेटली. पण तुमच्या जागी बाहेरून माणूस आणून तीन वर्षं बसवायचा तर त्याला काय काय सोडून यावं लागेल, एवढ्यापुरताच तो हिशेब आहे. आपल्याकडे गडचिरोलीत किंवा मेळघाटात बदली झालेल्या शिक्षकाला, डॉक्टरला हे वेगळं समजवावं लागत नाही. जादा पैसे दिले की गडचिरोलीचा अपमान झाला, असं तिथलं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. उलट पैसे देऊनही डॉक्टर हजर होत नाही ही त्यांची तक्रार असते.

'फॉर्म भरणारेच पैसे घेणारे.' हे अर्धं खरं. फॉर्म आम्हीच भरतो, आणि खोटं कशाला बोलू, जरा रडूनच भरतो. पण तो आमच्या सहीने पास होत नाही. सुरक्षेबद्दल यूएनचं सुरक्षा खातं आपलं मत वेगळं देतं, दवाखान्याबद्दल यूएनचे डॉक्टर. मग न्यूयॉर्कला बैठकीत गोमा एकटा नसतो, शेजारची दहा ठिकाणं मांडलेली असतात. आम्ही एकदा लिहिलं की ताजं दूध मिळत नाही. गोम्याच्या मागे मासिसीचे डोंगर, तिथलं चीज अख्ख्या काँगोत नावाजलेलं! तो रकाना आमच्यावरच उलटला. आढावा ठरावीक काळाने प्रदेशवार होतो आणि अक्षर वरही जातं, खालीही येतं. खाली आलं की त्या कचेरीत दोन दिवस सुतक असतं, ते मी पाहिलंय.

आता पाचवं. 'तिथल्या माणसाला दमडी मिळत नाही.'

हे खरं आहे. कष्टभत्ता फक्त बाहेरून आणलेल्यांना. त्यामागचं तत्त्वही जुनं आहे. बाहेरून आलेल्यांचा पगार जगात सगळ्यात चांगला पगार देणाऱ्या सरकारी नोकरीच्या तोलाचा असावा, हे यूएनच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) काळापासूनचं, १९२१चं. स्थानिकांचा पगार त्या गावातल्या उत्तम मालकाच्या तोलाचा असावा, हे १९४९चं. जिवाचा धोका असलेल्या जागी मिळणारा धोकाभत्ता दोघांनाही असतो, पण मापं वेगळी: मी असताना आम्हाला महिन्याला १,६०० डॉलरचा दर होता, स्थानिकांना त्यांच्या पगारतक्त्यातल्या मधल्या पगाराचा ठरावीक टक्का. गोळी दोघांना सारखीच लागते, हे तिथे विनोदाने म्हणायचे. 'तुम्हाला घर सोडून आणलं, त्यांना नाही' असं उत्तर दिलं जातं. कागदावर ते बिनतोड आहे. मी स्वतः ते उत्तर दोन-तीन वेळा दिलंय, आणि दर वेळी ऐकणाऱ्याने मान डोलावली, पुढे काही बोलला नाही.

फॉर्म भरताना माझ्यासोबत एक स्थानिक सहकारी बसली होती. गोम्याचीच, चार मुलांची आई, फ्रेंच आणि स्वाहिली दोन्ही फर्डं. 'वीज दिवसाला किती तास' हा प्रश्न आला. माझ्या घरी जनरेटर होता, मला काय माहीत! मी तिलाच विचारलं. त्यांच्याकडे विजेला फ्रेंचमधला 'कुराँ' हाच शब्द, आपल्या करंटचा सख्खा भाऊ, त्यामुळे तिचं उत्तर मला भाषांतराशिवाय कळलं. तिने बोटांवर मोजलं. सोमवारी आला नव्हता, मंगळवारी पहाटे दोन तास, तेव्हा उठून तिने इस्त्री केली होती. बुधवारी नाही. सरासरी काढून आकडा मी लिहिला. नळाच्या पाण्याचंही तसंच, तिच्या मुली पिवळे कॅन घेऊन सरोवरावर जात. रात्री रस्त्यावर काय ऐकू येतं, तेही तिनेच सांगितलं, कारण आमच्या आवाराच्या भिंतीतून काही ऐकू यायचं नाही.

संध्याकाळी मी पानं चाळली तेव्हा लक्षात आलं, घराच्या आणि सोयींच्या रकान्यांतले बहुतेक आकडे तिच्या घरातले होते. खाली सही करायच्या ओळी होत्या. कर्मचाऱ्यांच्या वतीने मी केली. तिने पंचिंग मशीनने भोकं पाडून कागद फाइलला लावले, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, आज गुरुवार, आज येतो करंट, मी निघते.