बसायचं नाही

आज दुपारी बाणेर रोडला सिग्नलच्या अलीकडे एक म्हातारा उभा होता. हातात त्याच्याहून उंच बोर्ड, '२ आणि ३ बीएचके, साइट डावीकडे', खाली लाल बाण. मी गाडी बाजूला घेऊन पाण्याची बाटली पुढे केली. "थांबा दादा, फोटो होऊ दे," तो म्हणाला. तेवढ्यात एक पोरगं स्कूटरवर आलं, थांबलं, फोटो काढला, गेलं. मग म्हातारा पाणी प्यायला. उभ्यानेच.

तेव्हापासून डोकं फिरलंय. कारण ते स्कूटरवरचं पोरगं एकेकाळी मी होतो.

कॉलेज संपल्यावर काही महिने एका इव्हेंटवाल्याकडे होतो. शनिवार-रविवार बोर्डवाले उभे करायचे. मजूर अड्ड्यावरचे बिगारी चारशेच्या खाली येत नसत, म्हणून आमचा कॉन्ट्रॅक्टर स्वारगेटला पुलाखाली झोपणारी माणसं टेम्पोत भरून आणायचा. दोनशे रुपये आणि दोन वडापाव. मी दर तासाला फेरी मारून फोटो काढायचे, बिल्डरच्या माणसाला पाठवायचे. बसलेला दिसला तर पन्नास कट. पहिल्याच रविवारी मी एकाचे कापले. पांढरी दाढी, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, बोर्ड मांडीवर आडवा घेऊन फुटपाथला टेकला होता. संध्याकाळी दीडशे मोजून घेतले त्याने. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अमेरिकेत ऑस्टिनला मार्च २०१२ मध्ये 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सवात एका जाहिरात कंपनीने निवाऱ्यातल्या १३ बेघर माणसांच्या हातात वायफायची यंत्रं दिली होती. त्यांच्याजवळ उभं राहा, इंटरनेट वापरा, पंधरा मिनिटांचे साधारण २ डॉलर द्या. टी-शर्टवर छापलं होतं, 'मी अमुक, मी फोरजी हॉटस्पॉट'. हॉटस्पॉट देतो असं नाही, हॉटस्पॉट आहे! जगभर बोंब झाली. मीही तेव्हा फेसबुकवर तावातावाने लिहिलं होतं, "माणसाचा खांब केला." आणि पुढे मीच खांबांचे फोटो काढत फिरलो.

बरं, त्या लोकांना दिवसाचे किमान ५० डॉलर मिळत होते, आणि 'काम बरं आहे, लोक बोलतात तरी' असं त्यांच्यातलेच म्हणाले होते. मान्य. आमच्या पुलाखालच्यांशी तर कोण बोलतही नव्हतं.

म्हणून काम देऊच नका असं मी म्हणत नाहीये. लंडनला १९९१ पासून 'बिग इश्यू' नावाचं नियतकालिक निघतं. बेघर विक्रेता अंक निम्म्या किमतीला विकत घेतो आणि पूर्ण किमतीला विकतो. तो दुकानदार असतो हो. दमला की बसतो, कुणी त्याचे पैसे कापत नाही. आमच्याकडे मात्र स्वस्त कोण पडतो एवढंच बघितलं जायचं. ज्याला घर नाही त्यालाच घराचा बोर्ड धरायला उभा करायचा आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावून खुर्च्या मांडायच्या. कुणाला लाज म्हणून वाटत नव्हती. मलाही नाही. मला पगार वेळेवर मिळत होता.

आजच्या त्या पोराचा राग आला होता, पण आता लिहिता लिहिता उतरला. त्यालाही कुणीतरी फोटो मागत असणार.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, "निदान चार पैसे तरी मिळतात ना त्यांना." मिळतात. माझ्या त्या म्हाताऱ्याला दीडशे मिळाले. उरलेले पन्नास कॉन्ट्रॅक्टरने मलाच दिले होते, पेट्रोलला.