मुसळीच्या बेण्याचा 'डीएनए अहवाल' नेमके काय सांगतो

अकोटला शेती करणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात एक संदेश पुढे पाठवला आणि विचारले की, दोन एकरांच्या बेण्यासाठी आगाऊ रक्कम भरावी का. शेतकऱ्यांच्या गटांमधून फिरणाऱ्या त्या संदेशातला दावा असा : 'आमच्या सफेद मुसळीचे सर्व नमुने डीएनए चाचणीत शंभर टक्के सारखे आले. म्हणून हे बेणे अस्सल, सर्वाधिक सॅपोनिनचे आणि रोगाला न जुमानणारे आहे. मुसळी बियांपासून होत नाही आणि जंगलातली मुसळी निकृष्ट असते.' (सफेद मुसळी ही मुळ्यांसाठी लावली जाणारी औषधी वनस्पती; सॅपोनिन हा तिच्या मुळ्यांतला औषधी घटक.) मामांना मी फोनवर 'भरू नका' एवढेच सांगितले. कारणे इथे लिहितो.

'शंभर टक्के सारखे' हा शोधच नव्हे. मुसळीची लागवड गड्ड्याच्या तुकड्यासह मुळ्या लावून होते, म्हणजे एका झाडाच्या फोडी करून वाफा भरायचा आणि पुढच्या वर्षी त्याच फोडींच्या पुन्हा फोडी करायच्या. अशा एकाच वाफ्यातून दहा नमुने नेले तर ते सारखे येणार नाहीत तर काय होणार? झाड निकृष्ट असले तरी त्याच्या दहाही फोडी तितक्याच 'शंभर टक्के' सारख्या निघतील. अस्सलपणा ठरवायचा तर नमुना ओळख पटलेल्या क्लोरोफायटम बोरिविलिएनमशी (हे सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव, आपल्या बोरिवलीवरूनच पडलेले) ताडून पाहावा लागतो, कारण बाजारात याच कुळातल्या इतर जाती आणि शतावरीची एक बहीणही 'सफेद मुसळी' म्हणूनच विकली जाते. आणि सॅपोनिनचे काय? आरएपीडी किंवा आयएसएसआर या डीएनए ताडून पाहण्याच्या पद्धती; त्या चाचणीत जेलच्या थरावर जे पट्टे दिसतात, ते डीएनएच्या तुकड्यांची लांबी दाखवतात. त्यांतल्या बहुतेकांचा सॅपोनिनशी काही संबंध सिद्ध झालेला नसतो. सॅपोनिन मुळीत असते आणि ते मुळीतच मोजावे लागते. विविधतेचा प्रामाणिक अभ्यास करणारा सातपुडा, डांग, सह्याद्री अशा दूरदूरच्या ठिकाणांहून झाडे गोळा करतो, ती एकाच शेतात शेजारी शेजारी लावतो आणि पट्ट्यांबरोबर मुळ्यांची संख्या, वजन व सॅपोनिनही नोंदवतो.

रोगाचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा पसरला आणि सुमारे १५ टक्के पीक गेले, कारण बहुतांश संकरित वाणांत एकाच मादी वंशातून आलेला पेशीद्रव (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) होता आणि बुरशीला तोच मानवला. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७२च्या अहवालात पिकांचा हा एकसारखेपणाच धोक्याचे मूळ म्हणून दाखवला. मुसळी म्हणजे मका नव्हे, हे मान्य. पण फोडींवाटे रोगही पुढच्या वाफ्यात जातो, म्हणून इथे धास्ती अधिकच.

बियांबद्दल संदेश अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने कबूल करतो : उगवण खरोखरच कमी असते. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि नवे जनुकीय मिश्रण होते ते बियांतूनच. जंगलातल्या मुसळीला निकृष्ट म्हणणाऱ्याने आपले पहिले बेणे कुठून आणले, एवढेच सांगावे. अर्थात जंगल खणून बेणे आणा, असेही मी म्हणत नाही; त्या खणण्यानेच ती विरळ झाली आहे.

नमुने किती ठिकाणांचे होते आणि सॅपोनिनचा वेगळा अहवाल कुठे आहे, हे दोन प्रश्न मामांनी विक्रेत्याला पाठवले आहेत. उत्तरादाखल अद्याप तोच संदेश पुन्हा आला आहे.