जाळी झाडली म्हणजे कोळी गेले?
‘जाळी-जळमटं काढली की कोळ्यांचा बंदोबस्त झाला’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा बारका कोळी आणि रात्री कपाटामागून निघणारा तो तळहाताएवढा चपटा, दोघंही भक्ष्य पकडायला जाळं विणतच नाहीत. मग झाडणार काय?

उड्या मारणारा नजरेवर शिकार करतो. बोट जवळ न्या, गर्रकन वळून पुढच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी तुम्हालाच न्याहाळेल! उडीआधी मागे धागा चिकटवून ठेवतो; नेम हुकला तर लोंबकळायची सोय. चपट्या मादीच्या पोटाखाली पांढरी चकती दिसली तर ती अंड्यांची पिशवी. बाई झुरळं फस्त करतात, त्यामुळे आमच्याकडे त्यांना कुणी चप्पल दाखवत नाही.